शिरवळचा दाणा सांगलीला

भांडायला जातानाही मी रिकाम्या हाताने जात नाही. साताऱ्यात टेम्पो थांबवला, कंदी पेढ्यांचा एक पुडा घेतला आणि सीटखाली सरकवला. सांगलीच्या सुभेदारांनी आपले शब्द मागे घेतले तर पुडा त्यांचा, नाहीतर तो माझ्याबरोबर शिरवळला परत.

मागे दाण्याच्या दोन गोण्या होत्या. दाणा म्हणजे आमच्या धंद्यातले प्लास्टिकचे मणी. पेट्यांवर गुंडाळलेली जुनी फिल्म आम्ही गोळा करतो, धुतो आणि वितळवून तिचे मणी पाडतो. सुभेदार यादव फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी सांगलीजवळ फिल्म काढण्याचं मशीन टाकलं. माझ्या दाण्यातून ते बेदाण्याच्या खोक्यांच्या गठ्ठ्यांवर बाहेरून गुंडाळायची फिल्म काढतात. त्यांनी भर व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं, "शिरवळचा दाणा जळका निघतो." त्यानंतर दोन गिऱ्हाइकं तुटली. गोदामांमागची फिल्म सायकलवर लादून मी धंदा सुरू केला होता. एवढ्या वर्षांनी मिळालेलं नाव कुणी एका वाक्यात पुसायला निघाला, तर मी गप्प बसणारा नाही.

एका गोणीत नेहमीचा दाणा होता. दुसरीत मी एक पांढरी पूड मिसळली होती. नव्या प्लास्टिकमध्ये अशी पूड कारखान्यातच घातलेली असते. वितळताना ती प्लास्टिकला उष्णतेपासून राखते, पण दर वितळणीला थोडी खर्ची पडते. फिल्म जुनी झाली की पूड संपत येते, मग प्लास्टिकच पिवळं पडतं आणि त्यात गुठळ्या होतात. पूड विकणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्याचं हे सगळं ऐकून घेतलं, त्याच्याशी पोटभर घासाघीस केली, पण विश्वास ठेवला नव्हता. डोळ्यांनी बघायचं होतं.

रहिमतपूरला एका भंगारवाल्याकडची फिल्म बघायची होती, म्हणून हमरस्ता सोडला. फिल्म मातीने माखलेली आणि भाव मात्र धुतलेल्या मालाचा. माझं तिथे जमलं नाही. बाजारात गरम भजी खात उभा होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"आवं पावणं, तुमचा साबुदाणा सांडतुया!"

खड्ड्यात आपटून नेहमीच्या दाण्याची गोणी उसवली होती. हाक मारणारे आजोबा चार मणी तळहातावर घेऊन बघत होते. एक तोंडात टाकणार, तोच मी ओरडलो, "आवं आजोबा, प्लास्टिक हाय ते!"

"आन मग उपासाला चालंल की," ते म्हणाले. भजीवालाही हसला. त्याने सुतळी दिली, आजोबांनी गोणी धरली, मी टाके घातले. तासाभरापूर्वी भंगारवाल्यावर चढलेला राग तिथेच उतरला.

मसूरमार्गे कराड, तिथून इस्लामपूर. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे टेम्पो बैलगाडीच्या चालीने चालला. सांगली जवळ आली तशी वाऱ्याला हळदीचा वास येऊ लागला.

सुभेदार दारातच उभे होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा.

"या शेठ. लय तापून आलाय जणू."

"तापून न्हाई, दाणा घेऊन आलोय. माझ्यासमोर चालवा."

मशीन चालवणारा तानाजी पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याने नेहमीच्या दाण्याची गोणी मशीनच्या तोंडात ओतली. आत तापलेल्या नळ्यात दाणा वितळतो आणि वरून त्याचा उंच फुगा निघतो. तोच दाबला की फिल्म. ताडमाड, पारदर्शक फुगा छतापर्यंत गेला, तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. स्वतःच्या दाण्याचा फुगा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कुठं जळकाय? दाखवा की!" मी म्हणालो.

"आता बरा दिसतुय. दुपारी काळं ठिपकं येत्यात त्यात."

"मग त्या बैठकीत नुसतं दुपारचं सांगायचं व्हतं!"

"तुमच्या दाण्याचं मी गोडवं गाऊ व्हय?"

इथून पुढे दोघांचेही आवाज चढले. मशीन कधी थांबलं ते कळलं नाही. चहा आला, भडंग (मसाला आणि लसूण लावलेले तिखट चुरमुरे) आलं. आमचं चालूच. शेवटी सुभेदार म्हणाले, "तानाजी, चालू कर रं."

फुगा पुन्हा निघाला तो पिवळट, तपकिरी रेघांचा. बोट फिरवलं तर वाळू लागावी तसा खरखरीत.

"बघा!" सुभेदार म्हणाले.

मी तानाजीकडे वळलो. "मशीन कवापास्नं बंद हुतं?"

"तुमी दोघं भांडाय लागलासा तवापास्नं. रोज दुपारी बी मालक येऊन बोलाय लागलं की मी बंद करतो. आवाजात त्यांचं ऐकू येत न्हाई."

"आन नळ्याचं हीटर?"

"ते चालूच. गार पडलं तर तापायला लय येळ जातो."

आम्ही भांडत होतो तितका वेळ दाणा आत भाजत पडला होता. गंमत अशी, की माझा राग कुठल्या कुठे गेला. आता दुसऱ्या गोणीचं काय होतं ते बघायचं होतं.

तानाजीने पुडीचा दाणा घातला आणि जुना माल निघून फुगा स्वच्छ होईतो मशीन चालवलं. मग मीच म्हणालो, "आता बंद करा. हीटर राहू द्या. मघाइतकाच येळ."

"म्हंजे परत भांडायचं?" सुभेदारांनी विचारलं.

भांडायला काही सुचेना. त्यांनी लडाखच्या थंडीत डब्यात गोठलेल्या वरणाची गोष्ट सांगितली, मी सायकलवरच्या फिल्मच्या डोंगराची. भडंग संपलं. मशीन सुरू झालं. पहिल्या हातभर फिल्मवर सायीसारखी पिवळट छटा होती, दोन-तीन ठिपके होते. मग फिल्म निवळली. दोन्ही तुकडे आम्ही खिडकीशी धरून बराच वेळ बघितले.

"पुडीनं जीव धरलाय," सुभेदार म्हणाले. "पन बिनपुडीचा दाणा कच्चाच म्हणायचा."

"आन थांबलेला नळाही गुन्हेगार."

मग भाव. पुडीसाठी मी वाढवून मागितला, त्यांनी ती वाढ निम्म्यावर आणली. मी एकच अट घातली: बैठकीतल्या त्या व्यापाऱ्यांना आत्ता, माझ्यासमोर फोन. त्यांनी स्पीकर लावून फौजी आवाजात सांगितलं, "शिरवळचा दाणा जळका न्हाई. आमच्या नळ्यात भाजला. आता पूड घालून येतुया, बिनधास्त घ्या." मी टेम्पोतून पुडा आणला. पहिला पेढा त्यांनी तानाजीला दिला.

परतीला हमरस्ता सोडला नाही. खंबाटकी घाट उतरून शिरवळला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. टेम्पो फाटकातून आत वळला आणि माझ्या शेडमधला घरघराट थांबला. माझा मशीनवाला सदाशिव बटणापाशी उभा होता, हीटर मात्र चालूच होते.

"का थांबवलंस रं?"

"तुमी आलासा न्हवं," तो म्हणाला. "म्हटलं, काय तरी बोलशीला."

मी दिवसातून किती वेळा शेडमध्ये शिरतो आणि किती वेळ बोलत राहतो, ते मला कुणी सांगायला नको होतं. खिशात सांगलीची पिवळी फिल्म होती. ती तशीच ठेवली.

"चालू कर," मी म्हणालो. "आन हितनं पुढं मी आलो तरी बंद करायचं न्हाई."

उद्यापासून सगळ्या दाण्यात पूड घालायची आहे, हे त्याला सांगायचं होतं. घरघर सुरू झाली. म्हणून जवळ गेलो आणि त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. कानाशी तोंड नेल्यावर ओरडता येत नाही.