सात पुरुष खोल

बेटावर तिला सगळे बुडीबाई म्हणत. ती एकोणपन्नास वर्षांची, बुटकी, खांद्यांनी रुंद. रोज सकाळी सहाला ती नवऱ्याच्या होडीतून पोवळ्याच्या खडकापलीकडे जाई, मास्क आणि नळी लावून पालथी तरंगत खालचा अंदाज घेई आणि मग छातीभर श्वास घेऊन हातात भाला धरून खाली उतरे. पाठीला हवेची टाकी नाही, काही नाही. फुप्फुसात मावेल तेवढाच संसार. दोन-तीन चांगले मासे मिळाले की दहाच्या आत ती धक्क्यावरच्या खानावळीच्या मागच्या दाराशी हजर. जाळ्यात तडफडून मेलेला मासा आणि एका भाल्यात गेलेला मासा यांतला फरक खानावळवालीला कळत होता, म्हणून तिला बुडीबाईचाच मासा लागे. सत्तावीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. यासाठी कुणाची परवानगी लागते, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग खडकाचं रक्षण करणारी कचेरी आली. नियम तसा वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते. उथळ पाण्यात माशांची पिल्लं वाढतात, तिथे कुणी शिकार करायची नाही. शिकार करायची तर खडकापलीकडच्या खोल दरीत, आणि तिथे उतरण्याची कुवत ज्याने सिद्ध केली असेल त्यानेच. अर्ज महिनाअखेरीपर्यंत. ज्याला परवाना नाही त्याचा भाला जप्त.

बुडीबाईने त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहिला. नाव, वय, पत्ता, किती वर्षं बुड्या मारते ते. खाली नियमात म्हटल्याप्रमाणे लिहिलं, ‘कमाल खोली : सात पुरुष’. तिच्या बाबांनी तिला असंच मोजायला शिकवलं होतं. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. जुनी माणसं विहिरीचं पाणी असंच मोजत. घरात एक गाठी मारलेला दोर होता, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक पुरुष, आणि सातव्या गाठीपर्यंत ती लग्नाआधीपासून जात होती.

तीन आठवडे उत्तर नाही. चौथ्या आठवड्यात आलं. त्याच कचेरीत पर्यटकांच्या लॉजचे अर्जही येत, आणि तिथला कारकून बहुधा जेवणानंतर काम करत असावा. पत्रात लिहिलं होतं की एका खोलीत कमाल तीन व्यक्ती ठेवण्याची मुभा आहे, सबब एका खोलीत सात पुरुष ठेवण्याचा आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करत असे. तो तेलकट हातांनी पत्र धरून इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. सात मिळाले असते तर मला सुट्टी मिळाली असती, असंही म्हणाला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट धक्काभर झाली. दुसऱ्या दिवशी खानावळवालीने मासा तोलता तोलता विचारलं, “मग बाई, जेवायला किती पानं मांडू? आठ?”

बुडीबाईला हसू आलं नाही. महिनाअखेरीला सहा दिवस राहिले होते.

कचेरीत कारकुनाने चूक कबूल केली नाही. खोली म्हणजे खोली, तो म्हणाला, पाण्याची तर पाण्याची लिहायची. आणि पुरुष हे माप आमच्याकडे नाही, मीटरमध्ये आणा. किमान पंधरा मीटर लागतील, हेही त्याने तेव्हाच सांगितलं, जणू काही बारीकसारीक गोष्ट असावी.

दोर घरात होता, पण उंदरांनी कुरतडून त्याचे चार तुकडे झाले होते. उरला मूळ पुरुष. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, खिडकीपाशी खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. बुडीबाईने शिवणाच्या पेटीतली टेप काढली आणि त्यांना भिंतीला पाठ लावून हात वर करायला सांगितलं.

“मी काय कोटाचं माप देतोय?” बाबा म्हणाले, पण उभे राहिले. एक मीटर सत्त्याण्णव. तिने पुन्हा मोजलं. तेच.

“तरुणपणी मी उंच होतो,” बाबा म्हणाले.

“किती उंच?”

“दोन बोटं.”

दोन बोटं धरली तरी एक पुरुष दोन मीटरचा, आणि सात पुरुष चौदा मीटर. म्हणजे आयुष्यभर जिला ती बेटावरची सगळ्यांत खोल बुडी समजत होती, ती कचेरीच्या हिशेबात एक मीटर कमी. तिने टेप गुंडाळली आणि बाबांवर उगाचच डाफरली की रेडिओ किती मोठा लावलाय. त्यांनी तो बंद केला. त्याचाही तिला राग आला.

एक मीटर म्हणजे काय मोठंसं, असं कोरड्या जमिनीवरच्या माणसाला वाटेल. पण खाली जाताना पाणी कान दाबतं. नाक चिमटीत धरून आतल्या आत फुंकर मारायची, मग कान टक्कन मोकळा होतो आणि पुढे जाता येतं. बुडीबाईचा उजवा कान शहाणा होता. डावा गेल्या दोन वर्षांपासून सासूसारखा वागत होता, मनात आलं तर ऐकणार, नाहीतर नाही. बाबांची शिकवण एकच होती, कान अडला की परत फिरायचं. ती आजवर तिने पाळली होती.

तिने मीटरमध्ये नवा अर्ज दिला, आणि परीक्षेला निरीक्षक आला तो इस्त्रीच्या पँटमध्ये, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. स्वभावाने गरीब होता. त्याने वजन बांधलेला दोर दरीत सोडला. दोराला पंधरा मीटरवर कपड्यांच्या चिमट्यांनी तीन नारिंगी पट्ट्या लावल्या होत्या. एक पट्टी वर आणायची, आणि ती काढताना निरीक्षकाने होडीवरून, तळाला काच बसवलेल्या डब्यातून पाहायची. पाणी नितळ होतं, पण लाटा होत्या.

पहिल्याच बुडीत कान दोन्ही उघडले. चौदाच्या पुढचा मीटर तिने कधी पाहिला नव्हता. तिथे काहीच वेगळं नव्हतं, तेच निळं पाणी, तोच दाब. पट्टी काढून ती वर आली, नळीतलं पाणी उडवलं, हात वर केला. होडीवर तिच्याकडे निरीक्षकाची पाठ होती. तो दुसऱ्या बाजूने वाकून ओकत होता.

“मी पाहिलं नाही हो,” तो तोंड पुसत म्हणाला. “मला पाहायला लागतं.”

नवरा काहीतरी बोलणार होता, तिने डोळ्यांनी गप्प केलं. होडीत बसून लाटांवर डुलणाऱ्याला मळमळतंच. पाण्यात डोकं घातलं तर बरं वाटेल, असं सांगून तिने निरीक्षकाला जादा मास्क दिला, नळी तोंडात कशी धरायची ते दाखवलं आणि टायरच्या ट्यूबमध्ये अडकवून पाण्यात उतरवलं. दहा मिनिटांत त्याचं ओकणं थांबलं. तोवर तिनेही दम खाल्ला. मग तिने त्याच्या खांद्यावर थोपटून खाली बोट दाखवलं, त्याने मान डोलावली, आणि ती गेली.

डावा कान या वेळी कुरकुरला, पण उघडला. दुसरी पट्टी घेऊन ती त्याच्या अगदी समोर वर आली. निरीक्षकाने तोंडातली नळी काढली. मास्कमागचे त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

“तो दगड खाणारा हिरवा मासा कोणता?” त्याने विचारलं. “कुरकुर आवाज ऐकू येतो त्याचा.”

“पोपट मासा,” ती म्हणाली. “मला पाहिलंत?”

त्याने मास्क कपाळावर सरकवला. खडकाच्या संरक्षणात त्याची चार वर्षं गेली होती, आणि खडक त्याने आज पहिल्यांदा पाहिला होता. खोटं बोलायला त्याला जमलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण तो म्हणाला, तुम्ही खाली जाताना दिसलात, मग तो मासा आला.

ती तिसऱ्यांदा गेली. डावा कान अकराव्या मीटरला अडला. तिने फुंकर मारली, थोडं वर आली, पुन्हा मारली. तेराच्या आसपास कानात कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. पट्टी समोर दिसत होती, पाय दोनदा मारले असते तर हातात आली असती. ती क्षणभर तशीच उलटी लटकत राहिली आणि मग वळली.

होडीत चढून तिने पायांतले पोहण्याचे रबरी पंखे काढले आणि फळीवर आपटले. नवरा म्हणाला, “बस झालं आता.” तो तिच्याशी या सुरात फार क्वचित बोले.

“साहेब, फाइल काढा,” ती निरीक्षकाला म्हणाली. “दोनदा पट्टी वर आणली, या बघा दोन. तिसऱ्यांदा कान अडला. तुम्ही एकदा ओकत होतात, एकदा मासा बघत होतात. हे असंच्या असं लिहा.”

“असं लिहिता येत नाही.”

“खरं आहे ना? मग येतं.”

त्याने पँटचे पाय पिळले आणि ओल्या हातांनी लिहिलं. अर्जदाराने पट्टी दोन वेळा आणली. प्रस्तुत निरीक्षकाने ती काढताना पाहिली नाही. कारणे : एकदा उलटी, एकदा मासा. सही केली, दोन पट्ट्या टाचणीने कागदाला जोडल्या.

कचेरीत असा कागद आजवर आला नव्हता. मंजूर म्हणावं तर पाहिलेलं नाही, नामंजूर म्हणावं तर पट्ट्या टाचलेल्या. फाइल वरच्या मजल्यावर गेली. बुडीबाईला चार ओळींचं पत्र आलं की निर्णय होईपर्यंत पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे, मात्र खोल दरीतच. नवऱ्याने पेढे आणू का विचारलं, तर ती त्याच्यावर उखडली. पेढे कशाचे? ‘हो’ म्हटलेलं नाही, ‘नाही’ही म्हटलेलं नाही. उद्या वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर परवा भाला जप्त. सत्तावीस वर्षांच्या कामाला ‘पूर्वीप्रमाणे’ म्हणतात, आणि ते काम येतं की नाही हे अजून ठरायचंय.

कान बरा व्हायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस ती घरात भांडी आपटत फिरली, आणि खानावळवालीने जाळ्यातले मासे घेतले. तेराव्या दिवशी ती दरीवर गेली, आणि तिथून पुढे रोज.

याला आता तीन वर्षं होतील. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती कचेरीत जाते, फाइल कुठे आहे विचारते, वरच आहे असं ऐकते, आणि परत येते. निरीक्षकाने स्वतःचा मास्क घेतलाय. मागच्या रविवारी तो धक्क्यावर आला, होडीत जागा आहे का, पलीकडे कासव येतं म्हणतात, असं चाचरत विचारू लागला.

“आहे की,” बुडीबाई म्हणाली. “वरच्या मजल्यावर जाऊन या, मग बसा.”