दोन्ही हात धनुष्याला

अर्डिस क्वाले एका वेळी एकच काम करायची. शाळेच्या स्वयंपाकघरात हातात डाव असला की फोन वाजून वाजून थकायचा, पण ती वळून बघायची नाही. गावातल्या पोरांच्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या होत्या. तिचा एक आवाज त्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्यात राग नसायचा, मोठेपणाही नसायचा, पण मधल्या सुट्टीच्या गलक्यातून तो सरळ आरपार जायचा. "ताट खाली ठेव, बाळा." एवढंच, आणि ताट खाली ठेवलं जायचं.

सप्टेंबर लागला की ती रजा टाकून धनुष्य घेऊन डोंगरावर जायची. मोंटानातल्या त्या खोऱ्यात याचं कुणाला नवल नव्हतं. नवल असलंच तर एवढंच, की नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू झाला की ही बाई घरी बसून लोणची घालायची. "बंदुकीला मी जवळ नसले तरी चालतं," ती म्हणायची, "मग मी जाऊ कशाला?" धनुष्याला तिची गरज होती. एल्कचा, म्हणजे तिथल्या घोड्याएवढ्या हरणाचा, श्वास ऐकू येईल इतकं जवळ जायचं, झाडांच्या आडून त्याची बरगडी स्वच्छ दिसेपर्यंत दोरी ताणून थांबायचं, आणि दिसली नाही तर दोरी तशीच हळूच परत आणायची. अशा परत आणलेल्या दोऱ्या तिच्या आयुष्यात सुटलेल्या बाणांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, आणि तिला त्याचाच अभिमान होता.

ऑरिन, तिचा नवरा, तिच्या मागे झाडोऱ्यात बसायचा. तोंडात पातळ पडद्याची शिट्टी ठेवून तो एल्कच्या मादीसारखी हाक द्यायचा, आणि मधूनमधून वाळकी फांदी खोडावर घासायचा, नर शिंगं घासतो तशी. नर त्या हाकेकडे येतो, त्याची नजर हाकेवर असते आणि वाटेत अर्डिस उभी असते. लग्नानंतरची सगळी वर्षं त्यांची ही वाटणी होती. हाक त्याची, बाण तिचा. संसारातही थोडंफार तसंच होतं, असं शेजारची बर्निस म्हणायची.

मागच्या सप्टेंबरात ते दोघं आदल्या दिवशीच्या एल्कचं, झाडाला टांगून ठेवलेलं मांस आणायला सकाळी परत गेले आणि मांसापाशी ग्रिझली अस्वल होतं. ऑरिन पुढे होता. त्याचं रिव्हॉल्व्हर पाठीवरच्या पिशवीत, चेन लावलेल्या कप्प्यात होतं. अस्वलाने त्याचा उजवा कोपर फोडला आणि नाकापासून कानापर्यंत चेहरा फाडला. अर्डिसने पुढे होऊन मिरचीच्या फवाऱ्याचा अख्खा डबा अस्वलाच्या तोंडावर रिकामा केला. अस्वल शिंकत, फुरफुरत उतारावरून निघून गेलं.

ऑरिन वाचला. डॉक्टरांनी नाक पुन्हा उभं केलं, पण त्यातून श्वास घेताना घुरघुर व्हायची. "अस्वल गेलं, पण आवाज ठेवून गेलं," अर्डिस त्याला चिडवायची आणि तो हसायचा. मात्र त्याला फवारा आठवत नव्हता. त्याला आठवायचा तो पिशवीच्या चेनपर्यंत न पोहोचलेला स्वतःचा हात. हिवाळाभर खिडकीत बसून तो तोच हात बघायचा. आता त्या हाताची मूठ नीट वळत नव्हती. वसंतात बर्फ वितळला, कुरणं हिरवी झाली, तरी तो कुंपणापलीकडे गेला नाही.

गावात दोन तट पडले. हॉटेलातल्या कॉफीच्या टेबलावर एकजण पिस्तुलाने वाचलेल्या माणसाची गोष्ट सांगायचा, दुसरा फवाऱ्याने वाचलेल्याची. गोष्टी दोन्ही खऱ्या असायच्या, त्यामुळे वाद कधी संपायचा नाही. अर्डिस तिथे केक बनवून द्यायची आणि वादात पडायची नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. ऑरिन परत डोंगरावर यायला हवा होता. तो या वर्षी आला नाही, तर पुढच्या वर्षी येणार नाही, आणि मग खिडकीतून उठणारच नाही, हे तिला चुलीवरचं दूध कधी उतू जाणार हे कळावं तसं कळत होतं.

ऑगस्टच्या शेवटी तो आपणहून म्हणाला, "येतो मी. पण एका अटीवर."

"बोल."

"रिव्हॉल्व्हर तुझ्या अंगावर. पिशवीत नाही, अंगावर. माझ्या हातात आता ते ठरत नाही. तुझ्याकडे असेल तर येतो. नाहीतर कुणीच जायचं नाही."

"माझे दोन्ही हात धनुष्याला असतात रे. ते काढू कुठल्या हाताने?"

"ते मला माहीत नाही, अर्डिस." त्याने मान खाली घातली. "मला फक्त तिथे बसून दिसलं पाहिजे, की तुझ्याकडे ते आहे."

तिने त्याच्या न वळणाऱ्या मुठीकडे पाहिलं. त्याला बंदूक नको होती, आपल्या गेलेल्या हाताच्या जागी दुसरा हात हवा होता, हे तिला दिसलं. ती म्हणाली, "आण मग. बांध."

त्याने छातीवर बांधायचा चामड्याचा पट्टा मागवला होता. मागच्या अंगणात गवताच्या गाठोड्यांवर तिने पहिला बाण सोडला. धनुष्याची दोरी परत येताना रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर आपटली आणि बाण बर्निसच्या खुराड्याच्या दारात थरथरत उभा राहिला. कोंबड्यांनी अंगण डोक्यावर घेतलं.

बर्निस कुंपणाशी आली. "एल्क संपले का गं? माझ्या अंडी देणाऱ्या आहेत त्या!"

"तुझ्या कोंबड्यांना सांग, मला परवाना फक्त एल्कचा आहे."

"मग त्या लोखंडाला सांग ते. कोंबड्या नेमाने आपल्या जागी असतात."

ऑरिन हसला, तेव्हा नाकातून मोठी घुरघुर झाली आणि कोंबड्या पुन्हा ओरडल्या. अर्डिसने पट्टा छातीवरून काढून कमरेला बांधला. तिथे तो पिशवीच्या पट्ट्याखाली रुतायचा, वाकताना बरगडीला टोचायचा. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही.

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात ते वर गेले. ऑरिन हळू चालला, ओढ्याशी थांबला, गेल्या वर्षीच्या वाटेकडे एकदा पाहून दुसऱ्या वाटेला लागला. पण आला. पहाट फुटताना ते अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या झाडीत होते. अर्डिसने छोट्या बाटलीतली पावडर हवेत उडवली. वारा खालून वर, चेहऱ्यावर येत होता. "छान," ती पुटपुटली. ऑरिन मागे फर वृक्षांच्या दाट झुडपात जाऊन बसला. बसताना त्याने तिच्या कमरेकडे पाहिलं आणि मान हलवली.

पहिली हाक दिली तेव्हा त्याचा आवाज कापला. दुसरी नेहमीची होती. बारीक, लाडिक, थोडी रुसलेली. अर्डिसला बरं वाटलं. पलीकडच्या उतारावरून नराची लांब शीळ आली, पहिल्यांदा भरदार, मग बारीक आणि सुरेल. तिने कपाळाला आठी घातली. शीळ जरा जास्तच व्यवस्थित होती. ऑरिनने उत्तर दिलं, फांदी खोडावर घासली. मग शीळ थांबली आणि बराच वेळ काही झालं नाही.

आवाज आला तो मागून, उजवीकडून. वाळक्या पानांवर काहीतरी जड, सावकाश. ती फिरली.

तिच्या आणि ऑरिनच्या झुडपाच्या मधल्या खोलगट भागात एक तपकिरी पाठ होती. जमिनीलगत, पुढे सरकणारी. तोंड झुडपाकडे. झुडपात ऑरिन फांदी घासत होता, झुडूप हलत होतं, आणि त्याला काहीच दिसत नव्हतं.

धनुष्य तिच्या हातातून कधी गळालं, ते तिला समजलंही नाही. रिव्हॉल्व्हर हातात होतं, घोडा मागे ओढलेला होता, आणि नळीच्या टोकावर ती पाठ होती.

आणि पाठीच्या मागे, त्याच रेषेत, ऑरिन होता.

हाक देणारा मागे बसतो. हाकेकडे येणारं जनावर त्याच्याकडेच जातं. त्यांच्या वाटणीत ही रेषा पहिल्या दिवसापासून होती, फक्त तिच्यावर बंदूक कधी धरलेली नव्हती. त्यात ती पाठ अजून नुसती पाठ होती. डोकं दिसलं नव्हतं, खांदा दिसला नव्हता. एवढ्यावर तिने कधी बाण सोडला नसता.

बोट चापाच्या बाहेर ठेवून ती थांबली. दोरी ताणून थांबायची तशीच.

पाठ उठली. माणूस होता. पायापासून टोपीपर्यंत पानापाचोळ्याच्या रंगाच्या कपड्यांतला दुसरा शिकारी. त्याचं धनुष्य त्याच्या पायाशी पडलं होतं. मघाची शीळ त्याचीच होती. तो मादीच्या हाकेकडे रांगत आला होता. आता झुडपातून फांद्या मोडल्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या आत, खोल, ओली घुरघुर.

त्या माणसाने दोन्ही हातांनी पिस्तूल झुडपावर रोखलं होतं. बोट चापावर होतं.

ओरडलं तर तो दचकेल, दचकला तर बोट आवळेल. अर्डिसने आधी घोडा अलगद खाली आणला, रिव्हॉल्व्हर कमरेच्या पट्ट्यात घातलं आणि हात रिकामे केले. मग ती शाळेतल्या आवाजात बोलली.

"बोट बाहेर काढ, बाळा. ते माझ्या नवऱ्याचं नाक आहे."

तो हलला नाही.

"बोट बाहेर. शाब्बास. आता नळी जमिनीकडे." मग आवाज न चढवता, "ऑरिन, फांदी ठेव आणि दोन शब्द बोल."

झुडूप थांबलं. आतून आवाज आला, "कुठले दोन?"

त्या माणसाने नळी खाली केली. तो होता तिथेच खाली बसला. पिस्तूल पानांवर ठेवलं आणि हात दूर नेले, तापलेल्या तव्यावरून काढावे तसे.

त्याचं नाव ग्रेडी प्रूट. अर्कान्सासहून आला होता, अस्वलांच्या मुलखात पहिल्यांदाच. "माफ करा मॅडम," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी अस्वल समजलो. शपथेवर. घुरघुर ऐकली ना मी."

अर्डिसने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याच्या हातात दिली. हाताला काहीतरी गरम लागलं की माणूस जागेवर येतो, हा तिचा जुना अनुभव होता.

"तू बाण आवाजावर सोडतोस का रे?"

"नाही मॅडम. कधीच नाही. दिसल्याशिवाय..."

तो मध्येच थांबला. तिने पुढे काही म्हटलं नाही. तीच गोष्ट ती स्वतःलाही सांगत होती. हातात लोखंड आल्यावर तीही क्षणभर ऐकूनच पाहायला लागली होती.

ऑरिन झुडपातून बाहेर आला. टोपीवर फरच्या सुया होत्या. त्याने ग्रेडीकडे पाहिलं, पानांवरच्या पिस्तुलाकडे पाहिलं, मग अर्डिसच्या धनुष्याकडे. ते चिखलात पडलेलं होतं. इतक्या वर्षांत त्याने ते कधी जमिनीवर पाहिलं नव्हतं. पाहता पाहता त्याला सगळं कळलं असावं. आपण कुठे बसलो होतो, ती कुठे उभी होती, आणि मधली रेषा.

अर्डिसला वाटलं, आता हा म्हणेल, चल घरी. आणि ते घर म्हणजे खिडकी.

"काढ तो पट्टा," ऑरिन म्हणाला.

"मग? खाली जायचं?"

"खाली कशाला? वारा अजून चांगलाय." त्याने डाव्या हाताने पट्टा घेतला, गोळ्या एकेक करून काढल्या, खिशात टाकल्या आणि रिव्हॉल्व्हर पिशवीच्या तळाशी घातलं. मग आपल्या कमरेचा मिरचीचा डबा सोडवून डाव्या मुठीत धरला. त्याचं झाकण अंगठ्याने काढलं आणि लावलं, काढलं आणि लावलं. मूठ घट्ट होती. "याला हा हात पुरतो. घरी कधी करूनच बघितलं नाही मी. तू मला दिसशील आणि मी तुला दिसेन, एवढ्या अंतरावर बसतो. झुडपात नाही. चालेल?"

"नर तुला बघेल."

"बघू दे. एखादा कमी मिळेल."

"चालेल," अर्डिस म्हणाली.

ग्रेडी कॉफीचं झाकण हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "आणि अस्वल खरंच आलं तर, मॅडम?"

"आलं तर बघू," ती म्हणाली. "आधी बघू, मग काय ते करू. तुझं तू ठरव. पण हाकेच्या दिशेने जाताना ते पिस्तूल म्यानात ठेव. हाकेमागे बहुतेक वेळा कुणाचा तरी नवरा असतो."

"आणि शीळ जरा बेसूर घाल," ऑरिनने पुस्ती जोडली. "इतकी चांगली आमच्याकडे कुणी घालत नाही."

ग्रेडी हसला, रडण्याच्या अगदी काठावरून. अर्डिसने दिलेलं, लेफ्सेत म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेलं मांस खाऊन तो खालच्या वाटेला लागला. दिसेनासा होईपर्यंत मोठमोठ्याने खाकरत गेला.

अर्डिसने धनुष्य उचललं. दोरीवरचा चिखल पुसला, धनुष्याच्या टोकांवरची चाकं फिरवून पाहिली, बाण लावला. कमर हलकी वाटत होती. मागे वळून तिने पाहिलं. ऑरिन एका पडलेल्या ओंडक्यावर उघड्यावर बसला होता, डावा हात डब्यावर, उजवा मांडीवर शांत. त्याने तोंडात शिट्टी सरकवली आणि भुवया उडवल्या.

हाक गेली. थोडी घुरघुरती, पण न कापता. उतारावरून खरा नर ओरडला. लांबवर, कर्कश, एकदम बेसूर.

अर्डिसने दोन्ही हात धनुष्याला दिले.