सुपाचं अस्तर

चाळीस वर्षं मास्तरांच्या तोंडात टाचण्या असायच्या. ओठांत चार टाचण्या धरून ते गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवे बसायचे, पँटच्या उंचीवर खूण करायचे आणि टाचण्या संपल्या की तोंड मोकळं सोडायचे. "पोट आत ओढून उभे राहू नका हो. घरी गेल्यावर ते बाहेर येणार, आणि शिव्या मला बसणार." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, पोट सोडायचं आणि माप बरोबर यायचं. मास्तर तोंडावर बोलतात पण खोटं बोलत नाहीत, असं त्या रस्त्यावर सगळे मानायचे. सगळ्यांत जास्त मास्तर स्वतः मानायचे.

बायको गेली आणि घरातली शेगडी थंड पडली. मास्तरांना चहाखेरीज काही करता येत नव्हतं, आणि चहाही बेताचाच. संध्याकाळी मशीनवर झाकण घातलं की ते जेवायला बाहेर पडायचे. दुकानापासून दहा मिनिटांच्या आत पूर्वेकडच्या, नूडल्स-सुपाच्या पद्धतीची चार छोटी हॉटेलं होती. एक लाल कंदील टांगलेलं, एक जिन्यावरचं, एक उभ्यानं खायचं आणि कोपऱ्यावरचं मावशींचं. मास्तर पाळीपाळीनं सगळीकडे जायचे आणि घरी येऊन मुलीला फोन लावायचे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात.

"बाबा, तुमच्या नूडल्सपायी माझं दूध उतू जातं रोज," ती एकदा वैतागून म्हणाली. "हे सगळं फोनवर लिहा ना. लोक लिहितात तसं. मी वाचेन निवांत."

तिनंच ते सगळं लावून दिलं आणि मास्तर लिहायला लागले. शिंप्याला दुसरी भाषा कुठली येणार?

"लाल कंदील: डंपलिंगची घडी सुबक. बारा चुण्या मोजल्या. पण एका जागी शिवण उसवून सारण पाण्यात गेलं. घाईचं काम."

"जिन्यावरचं: नूडल्स लांबीला बरोबर, अंगाला ढगळ. मालक गोड बोलतो. गोड बोलणारा कापड आखूड फाडतो, असा माझा अनुभव."

खाली नेहमी एकच ओळ असायची: "मत प्रामाणिक आहे. मास्तर."

लोकांना गंमत वाटायला लागली. पँट टाकायला आलेली माणसं आधी विचारायची, "मास्तर, आज कुठं खाऊ?" लाल कंदीलवाल्यानं डंपलिंगच्या टोकाला खरंच एक चिमूट जास्त द्यायला सुरुवात केली. आणि मावशींच्या सुपाबद्दल मास्तरांनी तेव्हा एवढंच लिहिलं होतं: "सहा वर्षं पितोय. अंगाला चपखल बसतं. एक टाकाही हलवू नका." मावशींनी ते कागदावर छापून घेतलं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलं. चार टेबलांचं हॉटेल, स्वयंपाकाला त्या एकट्याच. येणाऱ्याला त्या बोट दाखवायच्या: "वाचलंत का? मास्तर काही उगाच लिहीत नाहीत."

मग दातांचं प्रकरण सुरू झालं. दोरा कात्रीनं तोडायचा असतो हे मास्तरांना माहीत होतं, पण दात जवळ असताना कात्री शोधतो कोण? चाळीस वर्षं तोडलेल्या दोऱ्यांनी पुढच्या दातांना खाचा पडल्या होत्या. आधी एक हलला, मग त्याचा शेजारी, मग बाकीच्यांनी जणू ठरवूनच माघार घेतली. शेवटी वरखाली दोन्हीकडे कवळी आली.

मास्तरांनी हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे जायचं तर बसनं सहा थांबे लांब, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. दुकानावर पाटी लावली, "अस्तर आणायला गेलो आहे." मुलीलाही तेच. इकडे पाच आठवडे तोंडाला मफलर, म्हणे घसा धरलाय. कवळी बसल्यावर दोरा तुटेना, तेव्हा त्यांनी गळ्यात छोटी कात्री अडकवली आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "हल्ली हीच पद्धत आहे." पहिल्या दिवशी डॉक्टरनं सूचनांचा एक जाड कागद दिला होता. घरी कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून मास्तरांनी तो दुकानात आणला आणि न वाचताच खिशाच्या झाकणाचा नमुना कापायला वापरला. कागद चांगला होता. असा कागद टाकवत नाही.

त्यानंतर हळूहळू त्या रस्त्यावरची सगळी हॉटेलं बिघडली.

निदान मास्तरांना तरी तसं वाटलं. लाल कंदिलाचं सारण मिळमिळीत लागायला लागलं. जिन्यावरच्याचा भात म्हणजे नुसता भात. "हल्ली कुणाच्या हाताला चव राहिली नाही," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मुलीनं एकदा फोनवर म्हटलंही, "बाबा, तुमची सगळी मतं सारखीच यायला लागलीत. सगळीकडेच कसं काय पांचट झालं?"

"सगळेच आळशी झालेत. त्याला मी काय करू? मी जे आहे ते लिहितो."

आणि एका संध्याकाळी त्यांनी मावशींच्या टेबलावरचा वाडगा अर्धा ठेवून घरी येऊन लिहिलं: "मावशींचं सूप आता सूप राहिलं नाही. वरचं कापड गेलं, नुसतं अस्तर उरलं. गरम पाणी प्यायचं तर घरी पितो. मत प्रामाणिक आहे. मास्तर."

लोकांना ते फार आवडलं. कितीतरी जणांनी हसून दाद दिली. कुणीतरी लिहिलं, "मास्तरांनी कात्रीच चालवली." मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी त्यांना छान झोप लागली. पुढं ही झोप त्यांना फार टोचली.

दोन महिन्यांनी मावशी दुकानात आल्या. हातात एप्रन, बंद तुटलेला.

"मास्तर, हा बंद लावून द्या. आणि एकदा या हो जेवायला. रागावलात का?"

"छे छे. राग कसला," मास्तर मशीनकडे बघत म्हणाले.

"तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, खरं सांगते. मग म्हटलं, मास्तर म्हणतात म्हणजे कुठंतरी खोट असणारच. मीठ वाढवलं, काळा सॉस दुप्पट केला, लसूण वाढवला. येऊन एकदा सांगा, आता बसलं का नीट."

मास्तर गेले. भिंतीवरचा तो कागद निघाला होता. त्या जागी रंगाचा एक स्वच्छ चौकोन राहिला होता. चार टेबलांपैकी एकावर नेहमी येणाऱ्या नर्सबाई बसलेल्या, बाकी रिकामी. मावशींनी वाडगा ठेवला आणि हात पुसत शेजारीच उभ्या राहिल्या. मास्तरांनी चमचा तोंडात घातला. चव लागली! कितीतरी दिवसांनी काहीतरी जिभेला लागलं.

"आत्ता जमलं," ते म्हणाले. "हे सूप."

मावशींचा चेहरा असा उजळला की मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात नर्सबाई उठल्या. वाडगा जवळजवळ भरलेला, पाण्याचे दोन ग्लास रिकामे. "मावशी, राग मानू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण हे घशाखाली उतरत नाही हो. आधीचंच बरं होतं."

त्या गेल्यावर मावशी मास्तरांकडे बघून हसल्या. "शाळेतले सरही असंच म्हणाले. येत नाहीत आता. सवय व्हायला वेळ लागेल लोकांना, नाही का?"

"लागेल," मास्तर म्हणाले. घरी येऊन त्यांनी लिहिलं: "मावशींनी चूक सुधारली. आता अंगाला बसलं."

त्याच आठवड्यात हिरडीला कवळी घासून फोड आला, म्हणून ते सहा थांबे गेले. डॉक्टर तरुण आणि बडबडा. कवळी घासता घासता विचारलं, "जेवण कसं चाललंय, काका? चव परत आली का थोडी?"

"परत म्हणजे? गेली कधी?"

"अहो, वरच्या कवळीनं टाळू झाकली जाते. सगळं मुकं लागतं, ऊन-गारसुद्धा नीट कळत नाही. पहिलं वर्ष कित्येक जण मिठाची डबी शेजारी घेऊनच जेवतात. मी कागद दिला होता ना तुम्हाला? त्यात सगळं लिहिलंय."

मास्तरांनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दुकान उघडून त्यांनी कागदी नमुने अडकवलेला खिळा चाचपला, कॉलर, बाही, नेफा बाजूला करत गेले आणि खिशाचं झाकण सापडलं. कागद तिरका कापलेला, ओळी अर्ध्या तुटलेल्या. तरीही वाचता आलं: "...चव कमी लागण्याची शक्यता... म्हणून जेवणात मीठ वाढवू नये..." वरून स्वतःच्याच खडूनं लिहिलेलं: "डावा खिसा."

ते मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. कान तापले होते. किती जणांना काय काय लिहिलं या वर्षभरात! लाल कंदीलवाला आळशी नव्हता. जिन्यावरचाही नव्हता. पण सगळ्यांत वाईट ते रडणं. मावशी म्हणाल्या होत्या, पहिल्यांदा रडले, आणि आपण मशीनकडे बघत होतो. आणि वर त्या खारट सुपाला शाबासकीही देऊन आलो. एखाद्याचं नीट बसलेलं कापड उसवायला लावायचं आणि वाटोळं झाल्यावर म्हणायचं, छान झालं.

दोन दिवस ते जेवायला बाहेर पडले नाहीत. बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. कवळीचं न सांगताही भागेल, असा एक विचार दर तासाला येऊन जायचा. नुसतं "जुनं सूप बरं होतं" म्हटलं तरी मावशी ऐकतील. त्या ऐकतात, हीच तर अडचण होती. आपल्या शब्दावर त्यांनी आणखी एकदा का चालावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, हॉटेल रिकामं असेल अशा बेतानं, ते बंद लावलेला एप्रन घेऊन गेले.

"मावशी, जुन्या मापाचं सूप कराल एक वाडगा?"

"जुनं? अहो, तुम्हीच तर..."

"करा. मग सांगतो."

मावशींनी केलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि आधी वरची, मग खालची कवळी काढून रुमालात ठेवली. वळले तेव्हा गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. साठीचा माणूस पंचाहत्तरीचा दिसायला लागला. मावशी बघतच राहिल्या. मुलीनंही हा चेहरा पाहिला नव्हता.

मास्तर सूप प्यायले. पहिल्या घोटाला आल्याचा बारीक चटका, मागून हाडांच्या रसाचा गोडवा, आणि मीठ कुठं आहे ते शोधावं लागेल इतकंच. सहा वर्षं हेच होतं. एक टाकाही हलला नव्हता.

"हे बरोबर होतं," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. शब्द सुटे-सुटे पडत होते. "माझी चव गेली होती. कवळीनं. मला ठाऊक नव्हतं, पण तोंडात काहीतरी बदललंय एवढं तर ठाऊक होतं ना? ते लपवलं, आणि खापर तुमच्यावर फोडलं."

 मावशींनी गॅस बंद केला. मग एकदम चिडल्या.

"आणि मी मूर्ख! रोज पातेल्यातून चाखत होते. माझी जीभ सांगत होती, खारट झालंय, खारट झालंय. मी म्हणायचे, गप बस, मास्तरांना जास्त कळतं." त्यांनी एप्रन टेबलावर आपटला. "सर गेले. नर्सबाई गेल्या. आणि तुम्ही इथं तीन वाजता, कुणी नसताना, मला दात काढून दाखवताय? मला एकटीला सांगून काय उपयोग, मास्तर? ज्यांना आधी सांगितलंत त्यांना सांगा."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तीन वाजता यायचं कारण तेच होतं, आणि मावशींनी ते बरोबर पकडलं होतं.

घरी जाऊन ते लिहायला बसले. "आजारपणामुळे" असं लिहिलं आणि खोडलं. "काही कारणानं" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं:

"मला गेल्या वर्षी कवळी बसली. कुणाला सांगितलं नाही. तिच्यामुळे चव कळेनाशी झाली आणि मी वर्षभर सगळ्यांच्या हाताला नावं ठेवली. ती सगळी मतं रद्द समजावीत. मावशींचं सूप कवळी काढून प्यायलो. ते कधीच बिघडलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी ते बिघडवलं. आता जुनं पुन्हा सुरू आहे."

खाली सवयीनं "मत प्रामाणिक आहे" उमटलं. ते त्यांनी पुसलं आणि नुसतं "मास्तर" ठेवलं.

पहिला फोन मुलीचा आला. "बाबा, कवळी? अस्तर आणायला गेलो, अस्तर आणायला गेलो म्हणत होतात ते हेच का?" ती हसत होती, मग हसता हसता तिचा आवाज जड झाला. "मला तरी सांगायचं ना हो." दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक जण पँटकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होता. एकानं विचारलंच, "मास्तर, हे माप कवळी घालून घेतलंय की काढून?" त्यांनी ऐकून घेतलं. ओठांत टाचण्या होत्या म्हणून बरं.

आठवड्यानं, भर संध्याकाळी, ते मावशींकडे गेले. दोन टेबलं भरलेली होती. नर्सबाई होत्या. सर नव्हते. भिंतीवरचा चौकोन रिकामाच होता. मावशींनी वाडगा आणून ठेवला, आणि शेजारी झाकणाची एक छोटी रिकामी वाटी.

ती कवळी ठेवायला आहे, हे मास्तरांनी ओळखलं. भिंतीकडे वळावंसं वाटलं, पण मधलंच टेबल मिळालं होतं. कुठंही वळलं तरी कुणीतरी समोर येत होतं. नर्सबाईंनी चमचा थांबवला. मावशी गल्ल्यापाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

कान पुन्हा तापले. मास्तरांनी वाटीचं झाकण उघडलं.