लुगडं आत्ताच आण

सकाळी मेडिकलचं शटर अर्धं वर केलं होतं आणि मनीषाचा फोन आला. मनीषा म्हणजे माझ्या कौसाआत्याची सून. ती तशीही मोजकंच बोलते, त्या दिवशीही एवढंच म्हणाली, "ताई, आत्याबाई गेल्या. झोपीतच." मी शटर तसंच खाली ओढलं. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी डोक्यात आलं ते लुगडं. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरहून येतं. ते पोचेपर्यंत तिला उचलत नाहीत, सगळे अंगणात रस्त्याकडं बघत बसतात. आत्याचं माहेर म्हणजे हिवरा आश्रमाजवळचं आमचं गाव, आणि बाबा गेल्यापासून माहेर म्हणजे माझा दादा आणि मी. मी मेहकरच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दुकान उघडलं, मी पांढरी, निळ्या काठाची साडी मागितली. आम्ही बौद्ध, आमचं शेवटचं वस्त्र पांढरंच. दुकानदाराने घडी बांधता बांधता विचारलं, "ताई, अशीच एक तुम्ही मागंही नेली होती. तवा कोण गेलं होतं?" मी म्हटलं, "हीच." 

त्याला दुकानात उभ्या उभ्या काय सांगणार? आत्याच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं दोनेक वर्षांपूर्वी कळलं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, पण या वयात, या तब्येतीत त्याची खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. आत्या नको म्हणाली. मग किती दिवस, असं तिनेच विचारलं. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, ते मला सांगता येणार नाही मावशी. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून बसली ती मोताळा येईपर्यंत बोलली नाही. आणि मग बोलणंच सोडलं म्हणा ना. मोताळ्याजवळच्या त्या गावात जिची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू यायची, ती बाई खाटेवर पडून आढ्याकडं बघायला लागली. शेळी विकून टाकली. उन्हाळ्याच्या कुरडया केल्या नाहीत. मी औषधं घेऊन गेले की विचारायची, "वंदे, कायले आणतं?" मला दया यायच्या ऐवजी चीडच यायची. दिवसभर काउंटरमागं उभी राहून मी लोकांना गोळ्या देते, आणि माझ्याच घरचं माणूस असं जिवंतपणी आवरून बसलेलं...

मग एक दिवस तिचाच फोन. आवाज अगदी पहिल्यासारखा. म्हणाली, "माझं लुगडं आत्ताच आण."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ती शांतपणे सांगत होती. "मी मेल्यावर आणशीन, तवा मले कसं दिसन? जल्मभर माहेरच्या लुगड्याची वाट पाह्यली, अन् शेवटचंच पाहू नये का?" दादाला सांगितलं तर तो खवळला. जित्या माणसाचं कफन आणतात का कुठं, लोक शेण घालतील तोंडात, असं काय काय. मी हट्टाने गेले. आत्याने घडी उलगडली, पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला, उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "कापड चांगलं हाय बे. हे जाळून टाकाचं?" आणि हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मला हसावं की रडावं कळेना. मनीषा चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. लुगडं पेटीत गेलं आणि आत्या खाटेवरून उठली ती उठलीच.

त्याच पावसाळ्यात शेजारची म्हातारी गेली. आत्याच्या गावात वस्तीपासून मसणवटीपर्यंत रस्ता नव्हता. नाल्याच्या कडेने, काळ्या चिखलातून खांदेकरी पाय रोवत, घसरत जायचे. त्या दिवशी एकाचा पाय गेला, तिरडी एका बाजूला कलंडली, आणि म्हातारीच्या लुगड्याचा काठ चिखलातून ओढत गेला. आत्या ओट्यावरून पाहत होती. मला संध्याकाळी फोन करून म्हणाली, "तिच्या माहेरचे लोक खाली मान घालून उभे होते, वंदे. येवढ्या लांबून आणलं अन् चिखलात. मी नाही जात त्या वाटेनं." मी म्हटलं, "मग कोणत्या वाटेनं जातेस?" ती म्हणाली, "करून घेतो."

पुढच्या ग्रामसभेला ती ते पांढरं लुगडं नेसून गेली. मी तिथं नव्हते, मनीषाने सांगितलं. बायका मागं सतरंजीवर बसतात, ही पुढं जाऊन उभी राहिली. सरपंच म्हणाले, काकू, आज काय कार्यक्रम आहे का? ती म्हणाली, "हे माझं शेवटचं लुगडं हाय. माहेरहून आलं. हे नेसून मी मसणवटीत जाणार, तर रस्ता पाहाले आली." एक-दोघांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. निधी नाही, ती जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहावं लागेल, असं सगळं झालं. आत्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या सभेला पुन्हा तेच लुगडं. मग मोताळ्याच्या पंचायत समितीत तेच. बांधावरचा शेतकरी जागा सोडायला तयार नव्हता, त्याच्या ओसरीवरही तेच लुगडं नेसून बसली. चार शब्द बोलली नाही, नुसता चहा प्यायली आणि बसून राहिली. तिसऱ्या खेपेला त्याची बायकोच त्याला म्हणाली, द्या हो, मेलं काय घेऊन जायचंय आपल्याला!

नेसून, धुऊन त्या साडीची रया जात चालली. पदराला चहाचा डाग, काठ विरलेला. मी म्हणायचे, आत्या, अगं शेवटची आहे ना ती? ती म्हणायची, "हाव, म्हणूनच तर नेसतो." गोळ्या मोजून घ्यायची आणि मला बजावायची, "रस्ता होईपर्यंत पुरव बाप्पा, मंग तुही मर्जी." एरवी बायका कोणाच्या सुनेने काय केलं ते सांगायला यायच्या. त्यांना ती सरळ म्हणायला लागली, मले टाइम नाही. आणि खरंच तसं वागायची. सकाळी उठून कामाला लागायची, थकली की भिंतीला टेकून बसायची, दम परत आला की पुन्हा उठायची. मरण जवळ आलंय म्हणून माणूस घाबरतं, हे मी काउंटरमागून रोज पाहते. मरण जवळ आलंय म्हणून घाई करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तिच्या घाईत चिडचिड नव्हती. मला मात्र ती सोडायची नाही. आपल्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका बीपीच्या गोळ्या साखरेच्या म्हणून खातात, आठवड्यातून एक दिवस तिथं जाऊन बस, समजून सांग, असं दर फोनला. मी म्हणायचे, बघू, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की लग्नसराई.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता झाला. आधी मुरूम पडला, मग सिमेंट. आत्या तोच पदर खोचून वस्तीपासून शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली, मागं गल्लीतल्या बायका. मीही होते. दम लागला तर काय करू म्हणून माझा जीव वर-खाली होत होता. तिथं पोचून ती दगडावर टेकली, ओटीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, सगळ्यांना वाटल्या आणि आजूबाजूला पाहत म्हणाली, "रस्ता झाला. पण इथं हातपाय धुवाले पाणी कुठं हाय?" मी कपाळाला हात लावला...

पाण्याची टाकी मात्र झाली नाही. त्याआधी ती गेली.

पहिलं विरलं म्हणून आणलेलं नवं लुगडं घेऊन मी पोचले, दादाही आला. अंगणात माणसं रस्त्याकडं बघत बसलेली होती. मी घडी पुढं केली, आणि मनीषा उंबऱ्यात उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत जिचा आवाज मी धड ऐकला नव्हता, ती मोठ्या बायकांच्या देखत म्हणाली, "हे नाही, ताई. त्या सांगून गेल्या. ज्याच्यावर रस्ता केला तेच अंगावर घालाचं." बायकांत कुजबुज झाली. नेसलेलं लुगडं? चहाचा डाग असलेलं? माहेरचं माणूस नवं घेऊन उभं असताना? मलाही लागलं, का नाही लागणार. एवढ्या लांबून आणलेलं, हातात तसंच राहिलेलं. मग मनीषाने माझ्या हातातून ते घेतलं आणि छातीशी धरलं. म्हणाली, "नवं मले द्या म्हणल्या. टाकी राह्यली म्हणल्या." तेव्हा कुठं मी रडले. मोठ्याने, लाज न बाळगता रडले. आत्याला आम्ही तिच्या डागाळलेल्या पांढऱ्या लुगड्यात नेलं. सिमेंटवरून नेलं. आभाळ भरून आलेलं होतं, पण कोणाचाही पाय घसरला नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, लोक आपापल्या गावी गेले. मी पुन्हा काउंटरमागं. एका बुधवारी मनीषाचा फोन आला. ग्रामसभेला गेले होते म्हणाली. नवं लुगडं नेसून. बोलताना दोनदा अडकले, पण टाकीचं सांगितलं. सरपंच काय म्हणाले, मी विचारलं. "काही नाही म्हणले ताई. साडीकडं पाह्यलं अन् लिहून घेतलं."

फोन ठेवला. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला काय दिलं आठवत नाही, बरोबरच दिलं असणार. मग दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, माझं लुगडं आत्ताच आण."

तिकडून त्याचा घाबरलेला आवाज, "वंदे, तुले काही झालं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच नाही झालं. म्हणूनच आण."

तो शनिवारी घेऊन आला. पिशवी काउंटरवर ठेवली, पाणी प्यायला आणि जरा वेळ बसला. पांढरी साडी, निळा काठ. मी पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला. कापड चांगलं आहे. येत्या मंगळवारी दुकान बंद ठेवून ती नेसून आमच्या गावी जाणार आहे, बायकांना गोळ्या समजावून सांगायला.