मामंजींची परदेशी नाणी

विश्रामबागेतल्या आमच्या घरासमोर अलीकडेच एक तरुण बिऱ्हाड राहायला आलं आहे. त्या घरातली सून सणवार जवळ आला की तांब्याची भांडी अंगणात मांडून बसते आणि चिंचेच्या कोळाने घासते. आंबट, ओलसर, जिभेवर रक्त आल्यासारखा तो धातूचा वास वाऱ्याबरोबर माझ्या खिडकीशी येतो. भांडी उन्हात उपडी पडलेली असतात, नव्या नवरीसारखी लाल. दर वेळी वाटतं, तिला हाक मारून म्हणावं, अगं, इतकं नको घासूस. अर्थात भांडी घासायचीच असतात. न घासायचं तांबं वेगळं, आणि ते आता सांगलीत कुणाच्या घरी असेल असं वाटत नाही.

माझं माहेर उंब्रजजवळच्या एका खेड्यातलं. घरी ऊस, बैल, दोन चुलते पलटणीत. लग्न होऊन मी सांगलीला आले ती एकदम कायद्याच्या पुस्तकांत. सासरे संस्थानात मुन्सफ होते, नुकतेच निवृत्त झालेले. सासूबाई मी पाहिल्या नाहीत. घरात मामंजी, माझे यजमान आणि धाकटे भावोजी. माजघराच्या कोनाड्यात एक सागवानी पेटी होती. तिच्या कप्प्यांत पिंजलेला कापूस आणि कापसावर मोठाली काळपट नाणी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवांची उपकरणी घासताना मी त्यांतलं एक उचललं आणि त्याला चिंच लावणार, तोच मामंजी दारात उभे राहिले. ते रागावले नाहीत. नाणं माझ्या हातातून अलगद घेत एवढंच म्हणाले, "मळ नव्हे, सूनबाई. वय आहे ते त्याचं."

ती नाणी अमेरिकेतली होती. इंग्रजांचा अंमल झुगारून तो देश नुकताच आपल्या पायांवर उभा राहत होता, त्या काळातली. कृष्णाकाठच्या एका मुन्सफाला त्यांचा छंद कसा लागला, हे मला पुढे हळूहळू कळलं. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मिरजेला एका अमेरिकन डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना उताणं निजवून ठेवलं. जन्मभर वाचण्याची सवय असलेला माणूस त्या अंधारात कासावीस झाला. डॉक्टरने एकदा फेरीला येऊन त्यांच्या तळहातावर काहीतरी जड ठेवलं आणि ओळखा म्हणाला. मामंजींनी त्यावरून अंगठा फिरवला. धब्बू पैशाएवढं तांबं, वर बाईचा चेहरा, मोकळे केस. पट्टी निघेपर्यंत ते त्या अनोळखी बाईला अंगठ्याने न्याहाळत राहिले. डॉक्टरने ते नाणं त्यांना देऊन टाकलं. तिकडे या जुन्या तांब्याला कुणी फारसं विचारत नाही म्हणाला, आणि पुढे त्याच्या गावाकडून पुडकी येत तेव्हा त्यांत मामंजींसाठी एखादं नाणं असे. पहिलं दर्शन बोटांनी झालेलं असल्यामुळे असेल, मामंजी नवीन नाणं आलं की आधी डोळे मिटूनच हातात घेत.

त्या पेटीत काय नव्हतं! केसांच्या पट्टीवर 'लिबर्टी' असं कोरलेल्या बायका. पाठीवर तिजोरी घेऊन निघालेलं एक कासव. ते सरकारी नाणं नव्हे, चिल्लर मिळेनाशी झाली तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी पाडून घेतलेला बिल्ला. एका नाण्यावर घोड्याचं मुंडकं आणि त्याखाली नांगर. माझे वडील एकदा मला भेटायला आले तेव्हा मामंजींनी मुद्दाम ते त्यांना दाखवलं. वडिलांनी ते उजेडात नेलं, उलटंपालटं केलं आणि काळजीने विचारलं, "आवं, पर बैलं कुठं हायती? घोड्यानं नांगरत्यात व्हय ही मान्सं?" मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. व्याही व्याह्यांशी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले.

मामंजींचं सगळ्यांत आवडतं नाणं मात्र वेगळं होतं. त्यावर एक सूर्य आणि सूर्याखाली सूर्यघड्याळ. दुसऱ्या बाजूला एकमेकींत अडकवलेल्या कड्यांचं वर्तुळ. एकेक कडी म्हणजे एकेक राज्य, एक निखळली की साखळी संपली, असं ते समजावून सांगत. घड्याळाखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'माइंड युवर बिझनेस'. म्हणजे वेळ निघून चालली आहे, आपापलं काम नीट करा.

बेचाळीसच्या ऑगस्टात भावोजी पुण्याचं कॉलेज सोडून घरी आले. ते फार बोलत नव्हते, पण घरात त्यांच्या पावलांचा आवाज बदलला होता. एका सकाळी मामंजी पेटी उघडून बसलेले असताना ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, दुसऱ्यांचं स्वातंत्र्य तुम्ही डबीत घालून ठेवलंय. कापूस लावून." मामंजींनी हातातलं नाणं जागेवर ठेवलं आणि पेटी मिटली. भावोजी त्याच दिवशी गेले. सातारा जिल्ह्यात तेव्हा कितीतरी घरांतली मुलं अशी गेली होती. कुठे गेली ते घरच्यांनी विचारायचं नसतं, हे सगळ्यांना न सांगता समजलं होतं.

झडती आली ती भाद्रपदात. साताऱ्याकडचा फौजदार संस्थानचे पोलीस बरोबर घेऊन आला. माणूस शिकलेला, बोलण्यात अदब. मामंजींना 'रावसाहेब' म्हणूनच बोलत होता. पुस्तकं, ट्रंका, धान्याच्या कोठ्या पाहून झाल्यावर त्याने पेटी उघडायला लावली आणि एकेक नाणं उचलून वाचू लागला. 'लिबर्टी' शब्दापाशी त्याच्या भुवया वर गेल्या. मग ते सूर्यघड्याळ त्याच्या हातात आलं. त्याने घड्याळाखालचे शब्द वाचले, नसत्या चौकशा करू नका असं ते त्यालाच सांगत असल्यासारखे पुन्हा वाचले.

"हे कुणाला उद्देशून आहे, रावसाहेब?"

"ज्यांनी पाडलं त्यांच्याच लोकांना," मामंजी शांतपणे म्हणाले. "आपला काही संबंध नाही."

माझे यजमान उगाचच खोकले. फौजदाराने ते ऐकलं असावं. पेटी मिटून त्याने ती शिपायाच्या हातात दिली. "तपासासाठी नेतो. चिरंजीव कुठं आहेत ते कळलं की कळवा. त्याच दिवशी पेटी जशीच्या तशी दारात आणून देईन. हा माझा शब्द."

"मला माहीत नाही," मामंजी म्हणाले. आणि ते खरं होतं.

दिवाळीनंतर माणदेशातले मेंढके नेहमीप्रमाणे कृष्णाकाठच्या रानांत मेंढ्या बसवायला आले. एका दुपारी त्यांच्यातला एक म्हातारा पागोटं सावरत आमच्या पायरीवर येऊन बसला आणि पाणी मागू लागला. मी तांब्या दिला. मामंजी बाहेर आले तसा त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"आवं सायेब, तुमचं पोरगं आमच्यात हाय. दहिवडीच्या अंगाला, आमच्या वस्तीवर. लय वाळलंय, पर खुशाल हाय."

मामंजी पायरीवरच त्याच्या शेजारी बसले. त्यांना असं जमिनीवर टेकलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"खातो काय?"

"आमी खातुया त्येच की. माडगं, भाकर. मधी ताप आलाता, पर उतरला. मेंढरं राखतंय आता. कुत्रीबी भुकत न्हाईत त्येच्यावर."

"काही निरोप दिला?"

"न्हाई. कवा जानार घरला म्हनून इचारलं, तर नुसतं हसतंय."

म्हाताऱ्याने पाणी पिऊन तांब्या पालथा घातला आणि तो निघून गेला.  

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फौजदार पुन्हा आला. या खेपेला एकटा, साध्या कपड्यांत. मी चहा घेऊन दाराशी आले तेव्हा त्याने खिशातून ते सूर्यघड्याळाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं होतं.

"हे आजच ठेवून जातो," तो म्हणाला. "बाकीची उद्या येतील. मुलाला त्रास होणार नाही हे मी बघेन. गावाचं नाव तेवढं सांगा."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. आमच्या घरात कुणी नको असलेला माणूस आला आणि आम्ही 'घरी नाहीत' असं सांगितलं, तर मामंजी आतून मोठ्याने 'आहे, आहे' म्हणत. इतक्या वर्षांत किती माणसांना त्यांनी खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावली असेल! ते त्या नाण्याकडे पाहत होते. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

"फौजदारसाहेब," ते म्हणाले, "मला माहीत नाही."

 फौजदाराने नाणं उचलून खिशात टाकलं, नमस्कार केला आणि गेला. मामंजींनी थंड झालेला चहा प्यायला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." रेशनचे दिवस होते, साखर कमीच होती.

पुढे त्या फौजदाराची बदली झाली. पेटी कुठे गेली ते कळलं नाही. लढाई लांबत गेली तशी बाजारातली चिल्लर दिसेनाशी झाली. दुकानदार सुट्ट्यांऐवजी चिठ्ठ्या देऊ लागले, आणि गणपतीच्या देवळाकडे जाताना लागणाऱ्या एका हॉटेलवाल्याने पितळेच्या चकत्याच कापून घेतल्या. मामंजी अशी एक चकती घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "बघ, ते कासव आपल्याकडं पोचलं." मी म्हटलं, ठेवून द्या की ही. तर म्हणाले, "मग उद्या चहा कशानं पिऊ?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्यांनी तिचा चहा प्यायला.

शेचाळीस साली वॉरंटं मागे घेतली गेली आणि भावोजी परत आले. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी, बोलण्यात अधूनमधून माणदेशी हेल. कोनाडा रिकामा दिसला तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. ते चुलीपाशी उकिडवे बसले. त्यानंतर कितीतरी दिवस ते कचेऱ्या पालथ्या घालत होते. साताऱ्याला गेले, कराडला गेले. अशी पेटी कुठे जमा झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं, पंचनाम्यात तिचा उल्लेखच नव्हता.

एका संध्याकाळी ते दमून परत आले आणि मामंजींच्या खुर्चीशी खाली बसले. "आबा, मिळत नाही. पण आपण पुन्हा गोळा करू. मिरजेला जाऊन डॉक्टरांना विचारतो. अमेरिकेला लिहू."

मामंजींनी भावोजींच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ठेवला असावा, कारण दोघेही अवघडले.

"नको रे," ते म्हणाले. "गोळा करायला माणसाचं काहीतरी हरवलेलं असावं लागतं. माझं आता काही हरवलेलं नाही."

भावोजींनी ते खरं मानलं. त्यांनी मानावं म्हणूनच ते म्हटलेलं होतं. मी मात्र त्या घरात दिवसभर वावरणारी होते. दारात भाजीवालीने मोड परत दिली की मामंजी त्यातला भोकाचा पैसा वेगळा काढत, डोळे मिटत आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. मग पैसा खिशात टाकून आत येत. ते बापलेक दोघेही आता नाहीत. ती नाणी कुठेतरी असतील, कुणाच्या गळ्यात ताईत होऊन, कुणाच्या घंगाळात वितळून, किंवा एखाद्या माळ्यावर, आपण कुठल्या देशाची हे विसरून. तांब्याला हरवल्याचं काही नसतं. मामंजींना होतं, आणि ते त्यांनी मुलाला कधी कळू दिलं नाही.