साडूंचे मासे आणि तापाचा थर्मामीटर

माशांना ताप भरू शकतो, आणि तो भरवून दाखवणारा माणूस मी आहे.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी बॉयलरवर कामाला. दिवसभर तापमानाचे काटे बघायचे, हाच धंदा. त्यामुळे देवळाली कॅम्पातले माझे साडू वसंतराव ऐन जानेवारीत पुतणीच्या लग्नाला कळवणला निघाले, तेव्हा त्यांची माशांची टाकी नाशिकरोडला आमच्याकडे आली. (वसंतरावांना मी एकूणच बिनकामाचा वाटतो. पण माशांपुरता त्यांचा नाइलाज होता.) टाकीत काळ्या पट्ट्यांचे एंजल मासे. नखाएवढे आणलेले हे मासे त्यांनी तळहाताएवढे वाढवले होते.

"विजयराव, पाणी सव्वीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. थंडी बाधते यांना," असं बजावून त्यांनी हीटर लावला, काचेला आतून थर्मामीटर अडकवला आणि माझ्याकडे न बघता फक्त माशांचा निरोप घेतला. ते जाताच बायकोने, सुलभाने, मला आत बोलावलं. माशांना काही झालं तर तिला ताईच्या दारात उभं राहता येणार नव्हतं, आणि मग मला या घराच्या दारात उभं राहता येणार नव्हतं.

सुरुवात झकास झाली. शेजारचे लोक मासे बघायला आले. मी त्यांना तापमानावर व्याख्यान दिलं आणि बोलण्याच्या ओघात टाकीतला थर्मामीटर बाहेर काढून, तापाचा झटकतात तसा झटकला. तो कपाटाच्या कडेवर आपटला आणि फुटला. शेजारी चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. (तेव्हा ती रोजच जायची, आणि गेली की गल्लीतले लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच बटण बंद करून घरी आलोय!) हीटर बंद. थंडी अशी की बाटलीतलं खोबरेल तेल गोठलेलं. मासे कोपऱ्यात गुपचूप उभे. मी घरातला तापाचा थर्मामीटर आणून पाण्यात धरला. पारा जागचा हलेना.

"पारा हलत नाही म्हणजे पाणी पार बर्फ झालंय," मी निदान केलं.

आईचा मागच्या अंगणातला बंब पेटलेलाच होता. तिने तपेलीभर कढत पाणी आणून ओतलं. पारा ढिम्म! टाकीतलं थोडं पाणी मगाने उपसून आणखी एक तपेली ओतली. तरी ढिम्म. सुलभाने हात घालून बघितला आणि पाणी चांगलं कोमट लागतंय म्हणाली. मी तिला समजावलं, की हात फसवतो, यंत्र फसवत नाही. आमच्या प्लांटमध्ये कोणी हात घालून तापमान बघत नाही. आणि तिसरी तपेली ओतली.

अखेर पारा चढला. शहाण्णव! माणसाला अठ्ठ्याण्णव लागतं, मासा त्याहून लहान, तेव्हा त्याला शहाण्णव पुरे, असा मी हिशेब केला. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. "बरं वाटतंय बघ त्यांना. बोलतायत," आई कौतुकाने म्हणाली. तेवढ्यात त्यातला सगळ्यात मोठा मासा आडवा झाला.

सुलभाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताईला काय सांगू? शिजवले म्हणून सांगू?"

मी माठ उचलून आणला, पण आईने मला अडवलं. तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतलं तर लेकरू दगावतं. ताप घड्यांनीच उतरवायचा, असा तिचा दंडक. तिने माझी जुनी लुंगी फाडली, मिठाच्या पाण्यात बुडवली आणि टाकीच्या चारी बाजूंना घड्या लावल्या! तेवढ्यात वीज आली. मी हीटरचा प्लग उपटला आणि टाकीवर टेबलफॅन फुल सोडला. मग आम्ही तिघंही कानटोप्या घालून, गोधड्या पांघरून, त्या वाऱ्यात कुडकुडत घड्या बदलत बसलो.

आणि दारात वसंतराव उभे! लग्न उरकून एस.टी. स्टँडवरून थेट मासे न्यायला आले होते.

त्यांनी टाकी बघितली, घड्या बघितल्या, कानटोप्या बघितल्या. मग माझ्या हातातला थर्मामीटर घेऊन ते शांतपणे म्हणाले, "हा चौऱ्याण्णवच्या खाली काही सांगतच नाही, विजयराव. आणि याचे चौऱ्याण्णव म्हणजे आपले चौतीस."

मी टाकीवरची एक घडी बदलली.

"तुम्ही बॉयलरवर आहात ना?"

"हो."

"अजून?"

संध्याकाळपर्यंत मोठा मासा सरळ झाला आणि पोहू लागला. मला तर रडूच फुटलं. मासे जगले ते आईच्या घड्यांमुळे, हे वसंतरावांनीही मान्य केलं आणि तिला वाकून नमस्कार केला. सुलभा बहिणीच्या दारात पुन्हा ताठ मानेने उभी राहिली.

पुढच्या थंडीत वसंतराव पुन्हा कळवणला लग्नाला निघाले. मासे त्यांनी हट्टाने आमच्याच घरी ठेवले, आईच्या स्वाधीन. आणि खबरदारी म्हणून मला सोबत घेऊन गेले!