चपलेतला खडा

तुम्ही दोघं नातवंडं समुद्रकाठच्या टेकड्या चढता आणि फोटो पाठवता. आमच्या देगलूरला समुद्र नाही, पण गावाबाहेर एक बुटकी टेकडी आहे. रोज दुपारचं ऊन उतरलं की मी ती चढते. सोबतीला समोरच्या घरातली शेजारीण असते.

ती चालताना अखंड बोलते. सुनेची तक्रार करता करता सुनेचंच कौतुक करू लागते. अर्ध्या चढावर मात्र हटकून थांबते. "थांबा ओ ताई, चपलीत खडा गेलाय. लई खडे हायत या माळाला." मग खडकावर बसून चप्पल झटकत राहते. मला शिस्तीत चालायला आवडतं, त्यामुळे मी चिडायची. फोनवर तुम्हालाही मी सांगितलं, की आजी एका दमात चढली असती, पण ही बाई चढू देत नाही. तुम्ही खूप हसलात.

परवा मी तिला बंद बूट आणून दिले. "आता खडा जायचा नाही," मी जरा ठसक्यातच म्हणाले.

त्याच खडकावर ती पुन्हा बसली. सावकाश नाडी सोडली, बूट उलटा धरला. आतून काहीच पडलं नाही. तिचं लक्ष बुटाकडे नव्हतंच. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तोंड उघडून धापा टाकत होते. माझा श्वास जागेवर आला, तेव्हा कुठे तिने नाडी बांधायला घेतली.

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. "निघाला का खडा?" मी विचारलं.

"हाव, निघाला की," ती म्हणाली. "चला ताई."